शेवी स्मॉल-ब्लॉकचा इनटेक मॅनिफोल्ड : ऑर्डर देण्याआधी हेड बघा

‘गाडी ६९ची कॅमारो, इंजिन ३५०, चांगलासा मॅनिफोल्ड पाठवून द्या.’ आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ऑर्डरी एवढ्याच असतात आणि एवढ्या माहितीवर आम्ही पार्सल पाठवत नाही, आधी उलट प्रश्न विचारतो. ज्यांना त्याचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी हे पत्रक.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा ओतीव भाग. तो बोल्टने आवळला जातो हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला. ३५० हा आकडा इंजिनाच्या क्युबिक इंचांचा, तो हेडबद्दल काहीच सांगत नाही. गाडी पन्नासहून जास्त वर्षांची. मधल्या काळात कोणी कुठली हेड चढवली हे कागदपत्रांत सापडत नाही. आणि शेवरोलेच्या (शेवीच्या) स्मॉल-ब्लॉक, म्हणजे छोट्या व्ही-८ इंजिनांची लोखंडी हेड बोल्टच्या हिशेबाने तीन तऱ्हेची आहेत. १९५५ ते १९८६ : दोन्ही बाजूंना सहा-सहा बोल्ट, सगळे हेडच्या तोंडाला काटकोनात. १९८७ ते १९९५ : बोल्ट बाराच, पण प्रत्येक बाजूच्या मधल्या दोघांचा कोन ९० अंशांवरून ७२ वर आला. १९९६ पासूनची व्होर्टेक : एकूण आठच बोल्ट, तेही उभे, आणि पोर्ट (मिश्रण आत जाण्याची तोंडे) जास्त उंच.

ओळखायला पाच मिनिटे लागतात. एअर क्लीनर काढा, टॉर्चचा उजेड टाका. टॅपेट कव्हरचे बोल्ट कडेकडेने असतील तर हेड जुनी. कव्हरच्या मधोमध एका ओळीत चार असतील तर १९८७ पासूनची. मग मॅनिफोल्डचे बोल्ट मोजा, बारा की आठ. खात्रीसाठी टॅपेट कव्हर उघडून आतला ओतीव नंबर वाचा. ३८९०४६२ किंवा ३३३८८२ म्हणजे जुन्या कोनाची; १०२३९९०६ किंवा १२५५८०६२ म्हणजे व्होर्टेक. नंबरचा फोटो पाठवलात तरी चालेल. बाजारातल्या ॲल्युमिनियम हेडांवर पुष्कळदा दोन्ही प्रकारच्या कव्हरांची सोय असते, तिथे ही खूण चालत नाही. बनवणाऱ्याचे नाव आणि पार्ट नंबर कळवा.

एवढा आग्रह का, तर चुकीचा मॅनिफोल्ड लगेच चुकीचा वाटत नाही. ७२ अंशांच्या हेडवर जुन्या कोनाचा मॅनिफोल्ड ठेवला, तर कडेचे आठ बोल्ट हाताने सहज फिरतात. मधले चार दोन आटे धरतात आणि अडतात. इथे बहुतेक जण लांब पाना लावतात आणि हेडचे आटे जातात. काही जण भोके कानशीने लांबट करतात. मग बोल्टचे डोके एकाच कडेवर टेकते, पॅकिंग नीट दाबले जात नाही आणि पोर्टच्या खालच्या कडेने हवा ओढली जाते. ती कड लिफ्टर व्हॅलीच्या (मॅनिफोल्डखालच्या, ऑइल उडणाऱ्या खोलगट जागेच्या) बाजूला असते, त्यामुळे हवेबरोबर ऑइलही आत जाते. निळा धूर, तेलकट प्लग, घसरणारे आयडलिंग, आणि वरून कार्ब क्लीनर फवारला तर काहीच सापडत नाही. मग विनाकारण रिंगा बदलल्या जातात. तपासायचे असेल तर पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी) नळी आणि ब्रीदर (क्रँककेसला हवा देणारे तोंड) बंद करा, इंजिन आयडलवर ठेवा आणि ऑइल भरण्याच्या तोंडावर तळहात धरा. हात आत ओढला गेला तर गळती आतूनच आहे. भोके मशीनवर तिरकी करून, पाचरी वॉशर घालून हा मेळ बसवता येतो. पण त्या मजुरीत बरोबर कोनाचा मॅनिफोल्ड घेण्याकडे तुमचा पैसा लागावा असे आम्हाला वाटते.

सीलंट लागलेला किंवा बोल्टचा वळ उमटलेला मॅनिफोल्ड आम्ही परत घेत नाही. पुढच्या ग्राहकाला तो नवा म्हणून देता येत नाही.

आता सिंगल-प्लेन की ड्युअल-प्लेन, म्हणजे मॅनिफोल्डच्या आत सगळ्या सिलिंडरांना एकच पोकळी की दोन वेगळ्या. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही ड्युअल-प्लेनच सुचवतो. एडलब्रॉक परफॉर्मर आयडल ते ५,५०० आरपीएमसाठी आहे, परफॉर्मर आरपीएम १,५०० ते ६,५०० साठी. सिंगल-प्लेनचा जोर साधारण ३,५००च्या पुढे सुरू होतो. तुमचा मागचा एक्सल ३.०८ गुणोत्तराचा आणि टायर २६ इंच व्यासाचा असेल, तर ताशी ६० मैलांवर इंजिन जेमतेम २,४०० फिरते. सिंगल-प्लेन त्या वेळी झोपलेलाच असतो. मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा शाफ्ट), ३.७३ किंवा त्यावरचा एक्सल आणि उंच स्टॉलचा कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरचा, जास्त आरपीएमला पकड घेणारा) असेल, तर गोष्ट वेगळी.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात. क्युबिक इंच गुणिले आरपीएम, भागिले ३,४५६. ३५० इंजिन, ५,५०० आरपीएम : ५५७ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), तेही सिलिंडर शंभर टक्के भरतो असे धरून. ६०० पुरते. क्वाड्राजेट कार्बोरेटर ठेवायचा असेल तर स्प्रेड-बोअर (पुढची भोके लहान, मागची मोठी) तोंडाचा मॅनिफोल्ड मागा. ॲडॅप्टरने उंची वाढते.

उंचीवरून आठवले, बॉनेट. एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवा, वर ॲल्युमिनियमचा कागद, बॉनेट हलकेच पूर्ण मिटवून उघडा. चेपलेल्या गोळ्याची जाडी पट्टीने मोजा. जुना आणि नवा मॅनिफोल्ड यांच्या उंचीतला फरक त्यातून वजा केल्यावर पाऊण इंच तरी उरावे, कारण जोर लावला की इंजिन माउंटवर डोलते.

बसवताना : एक नंबरचा सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणा, डिस्ट्रिब्यूटरमधल्या रोटरची खूण करा, मगच डिस्ट्रिब्यूटर काढा. कूलंट आधी उतरवा. पृष्ठभाग खरवडताना व्हॅलीत कापड कोंबा. पुढच्या-मागच्या कॉर्कच्या पट्ट्या टाकून द्या, त्या दाबाखाली सरकतात. त्याऐवजी आरटीव्हीची (सिलिकॉन सीलंटची) पाव इंची रेघ ओढा आणि ती कोपऱ्यांवर अर्धा इंच वर चढवा. पाण्याच्या भोकांभोवती पॅकिंगला दोन्हीकडून पातळ थर. मॅनिफोल्ड सरळ खाली उतरवा, सरकवू नका. बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा; काही भोके थेट व्हॅलीत उघडतात. बारा बोल्टवाल्यांना मधून बाहेर १०, २०, ३० फूट-पौंड. व्होर्टेकला हा आकडा वापरू नका, मॅनिफोल्डबरोबरच्या कागदावरचा पाळा. इंजिन एकदा तापून थंड झाले की टॉर्क पुन्हा तपासा.

हेड किंवा ब्लॉक मशीनवर घासलेला असेल तर भोके जुळत नाहीत, ते आधी सांगा. थंड राज्यांतल्या ग्राहकांनी चोक कोणता ते कळवावे : मूळचा चोक एक्झॉस्टच्या उष्णतेवर उघडतो, त्याला क्रॉसओव्हर (मॅनिफोल्डमधून एक्झॉस्ट नेणारी वाट) लागतो. कॅलिफोर्नियात १९७६ किंवा त्यानंतरची गाडी असेल तर ईओ नंबर (तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता) असलेलाच मॅनिफोल्ड देऊ.

हेड नंबर, कॅमचे कार्ड (कॅमबरोबर येणारा मापांचा कागद), एक्सलचे गुणोत्तर, कार्बोरेटर आणि मातीच्या गोळ्याचे माप एवढे कळवलेत की पॅकिंग, बोल्ट आणि आरटीव्हीसकट पूर्ण संच एकाच खोक्यात पाठवतो.