तारेपासून एसेमेसपर्यंत: थोडक्यात लिहायचं खूळ आलं कुठून

थोडक्यात लिहा, लोक वाचत नाहीत, असं मार्केटिंगवाले उठसूट सांगतात. पण जरा मागे जाऊन बघितलं तर वाचकाच्या वेळेची फिकीर कुणालाच नव्हती, सगळा मामला पैशाचा नि जागेचा.

तारेचंच, म्हणजे टेलिग्रामचंच घ्या. आपल्याकडे पहिली लाइन १८५० ला कलकत्ता ते डायमंड हार्बर, १८५५ पासून पब्लिकसाठी खुली, आणि पैसे मोजायचे शब्दांवर. त्यामुळे "मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली", बस. काय झालंय, कधीपासून, कुठल्या दवाखान्यात, ते एसटीत बसून आपलं आपण मनात भरायचं, आणि दारात तारवाला दिसला की वाचायच्या आधीच रडारड. धंदेवाले त्यातही हुशार, जुन्या लेटरहेडवर फोन नंबरशेजारी 'ग्राम' म्हणून एक शब्द छापलेला असायचा, तो कंपनीचा रजिस्टर केलेला तारेचा पत्ता, म्हणजे अख्खी पेढी एका शब्दात (ब्रँड नेमचा चुलतभाऊच की हा!). शुभेच्छांच्या तारेत तर ठरलेल्या वाक्यांना नंबर होते, आपण नुसता नंबर द्यायचा, पलीकडे पूर्ण वाक्य पोचायचं. २०१३ च्या जुलैत हे सगळं बंद झालं.

तोवर एसेमेस आलेलाच होता. त्याची १६० अक्षरांची मर्यादा कुठून आली तर १९८५ ला जर्मनीत बॉनमध्ये फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाचा इंजिनिअर टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजत बसला, बहुतेक वाक्यं १६० च्या आतच संपली, पोस्टकार्डांवरचा मजकूरही साधारण तेवढाच निघाला, मग तेच ठरलं. पुढे २००६ ला सुरू झालेल्या ट्विटरने त्यातली २० युजरनेमला ठेवून १४० घेतली, २०१७ ला २८० केली.

आता आपली गोची. एका एसेमेसमध्ये जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० बसतात, देवनागरी जाते युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत), तिथे अक्षराला १६ बिट, म्हणून फक्त ७०! त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" यात डोळ्याला दिसतात १० अक्षरं, मशीन मोजतं स्पेससकट २७. ७१ वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे, आणि तुकडे जोडायची माहितीही त्यातच जाते म्हणून प्रत्येकी ६७ च उरतात. त्या काळात सगळे रोमनमध्ये मराठी टाइप करायचे ते काय हौस म्हणून नव्हे, फोनमध्ये देवनागरी नव्हती हे एक आणि असली तरी परवडत नव्हती हे दुसरं. बल्क एसेमेस मराठीतून पाठवणाऱ्या दुकानदाराला हा हिशोब आजही करावा लागतो. दुकानाचं नाव, ऑफर, तारीख, पत्ता, सगळं ७० मध्ये कोंबायचं म्हटलं की पहिली कात्री 'हार्दिक'वर, स्पेस धरून ८ वाचतात.