फोटो परफॉर्मन्स

एखाद्या चित्रातल्या, सिनेमातल्या किंवा जुन्या छायाचित्रातल्या व्यक्तीचा वेश घेऊन कलावंत स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि त्यातून तयार झालेला फोटो हीच कलाकृती ठरते. या प्रकाराला फोटो परफॉर्मन्स म्हणतात. सोंगे आपल्याला नवी नाहीत. बहुरूपी मात्र समोरच्याला क्षणभर तरी चकवू पाहतो. इथे हे सोंग आहे, हे पाहणाऱ्याला कळावेच लागते.

अमेरिकेत सिंडी शर्मन यांनी 1977 ते 1980 या काळात कधीच न निघालेल्या सिनेमांची जणू दृश्ये टिपली. भारतात हा प्रकार रुजवला तो पुष्पमाला एन. यांनी. त्या मूळच्या बंगळूरच्या, शिक्षण बडोद्यात, तेही शिल्पकलेचे. ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (1996–98) ही त्यांची कृष्णधवल मालिका मुंबईत चित्रित झाली. तिच्यातली मुखवटेवाली नायिका ‘हंटरवाली’ (1935) या सिनेमातल्या नटी नादियाची आठवण करून देते. पुढे दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत, जे. एच. ठक्कर यांच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी नवरस साकारले. जुन्या नटनट्यांचे पोर्ट्रेट काढण्यात ठक्करांची हयात गेली होती. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (2000–04) या कामात रविवर्म्याच्या लक्ष्मीपासून मानववंशशास्त्रज्ञांनी मोजमापासाठी उभ्या केलेल्या बाईपर्यंत सगळ्या एकाच देहात येतात. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवघरातली लक्ष्मी कशी दिसते याची आपली कल्पना बरीचशी तिथल्या दगडी छपाईतून आली आहे.

या कामांतून एक गोष्ट उघड होते. ‘ओळख’ म्हणून आपण जे पाहतो त्यातले बरेचसे चेहऱ्यात नसतेच. ते मागच्या पडद्यात, प्रकाशात आणि पूर्वी फिल्मऐवजी वापरत त्या काचेवर लावलेल्या रसायनात असते. म्हणूनच पुनर्निर्मिती नुसत्या साडी-दागिन्यांवर भागत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती रंगसंवेदनेत. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक काचांना प्रामुख्याने निळा प्रकाशच दिसे. त्यामुळे लाल कुंकू काळे येई, निळे लुगडे पांढुरके दिसे आणि गव्हाळ त्वचा होती त्याहून सावळी उमटे. ‘नेटिव्ह’ माणसांच्या त्या फोटोंमधला काळेपणा काही अंशी काचेचा आहे. आजच्या पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या, फिल्मवर तेच कुंकू फिकट करडे होते आणि सगळा आव उघडा पडतो. उपाय म्हणजे भिंगावर गडद निळा फिल्टर. मात्र त्याने प्रकाश बराच कमी होतो, म्हणून एक्स्पोजर वाढवावे लागते. डिजिटलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या वाहिन्यांपैकी (चॅनेल) फक्त निळी ठेवून कृष्णधवल केले तरी चालते. मात्र सावल्यांत दाणा वाढतो, आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग वर येतो.

मानववंशशास्त्रज्ञांच्या मोजमापाच्या फोटोंसाठी माणसामागे चौकोनांची जाळी लागते. जॉन लँप्रे यांनी 1869 मध्ये सुचवलेली चौकट सात फूट बाय तीन फुटांची होती. तिच्यात रेशमी दोऱ्यांनी दोन-दोन इंचांचे चौकोन आखलेले असत. दोरा सैल राहिला तर चौकोन वाकडे होतात आणि शास्त्राचा दरारा क्षणात जातो. तो असा जावा म्हणून मुद्दाम सैल दोरा ठेवणेही शक्य आहे. तो निर्णय कलावंताचा.

सिनेमातल्या पोर्ट्रेटसाठी सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी पेटी, निरुपयोगी. कडक सावली देणारा स्पॉट समोरून, वर लावतात आणि केसांवर मागून दुसरा. मागचा पडदा रंगवून घेताना तो थोडा कच्चा, होर्डिंग रंगवणाऱ्याच्या हातचा असलेलाच बरा. व्यक्ती पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे असली की सावली त्यावर पडत नाही. पण गावोगावच्या स्टुडिओंतल्या फोटोंत ती पडलेली असे, तेव्हा तो दोषही उतरवून घ्यावा लागतो.

सेपिया, म्हणजे जुन्या फोटोंचा तपकिरी रंग, करताना प्रिंट नेहमीपेक्षा किंचित गडद काढतात. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात (दोन्ही लिटरला सुमारे 10 ग्रॅम) प्रतिमा पिवळट होऊन विरली की धुऊन ती सोडियम सल्फाइडमध्ये टाकायची. तपकिरी रंगात ती परत येते. आधी हायपो (प्रिंट पक्का करणारे रसायन) नीट धुतला गेला नसेल तर तो फेरिसायनाइडशी मिळून चांदीच विरघळवतो आणि उजळ भाग, म्हणजे दागिन्यांची किनार, कायमचा जातो. फायबर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या, कागदाला वाहत्या पाण्यात तासभर द्यावा. सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि त्याच्या वाफेने कोरा कागदही धुरकटतो. म्हणून हे काम डार्करूमबाहेर, मोकळ्या हवेत करतात. पुढे हाताने रंग द्यायचा असेल तर कागद मॅट हवा. चकचकीत कागदावर तैलरंग धरत नाही. कापसाच्या बोळ्याने पातळ थर चोळतात. गाल आधी, ओठ शेवटी.

या प्रकारावरचा खरा आक्षेप तांत्रिक नाही. शहरी, शिकलेल्या कलावंताने आदिवासी बाईचा वेश घेतला तर मूळ फोटोतल्या बाईला पुन्हा मुकेच केले जाते का? पुष्पमालांच्या मांडणीत मालिका कशी घडली याचे फोटोही येतात, हे त्यावरचे अर्धे उत्तर म्हणता येईल. बाकी अर्धे अजून वादातच आहे.

संग्रहात नोंद करताना मूळ प्रतिमेचे साल, नव्या फोटोचे साल, कॅमेरा कोणी चालवला आणि कॅमेऱ्यासमोर कोण होते, या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. नीट टोन केलेला प्रिंट चौकटीतून सुटला की त्याला जुना फोटो समजायला वेळ लागत नाही.