प्राणिसंग्रहालयीन आहार प्रशिक्षण

प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांचा आहार ठरवणे, तयार करणे, खाऊ घालणे आणि तो अंगी लागतो की नाही हे तपासणे, याचे व्यावसायिक शिक्षण. प्राणिपाल, खाद्यकोठीतील कर्मचारी, पशुवैद्य आणि आहारतज्ज्ञ यांच्यासाठी ते असते.

१९३५ साली फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात ठरावीक प्रमाणात मिसळलेले तयार खाद्य देण्यास सुरुवात झाली. मेलेल्या प्राण्यांच्या शवविच्छेदनात कुपोषणाच्या खुणा दिसत होत्या, त्याचा हा परिणाम. जंगलातला आहार जसाच्या तसा पिंजऱ्यात आणता येत नाही. म्हणून पदार्थ बदलले तरी पोषकद्रव्ये चुकू नयेत, हे शिक्षणाचे पहिले सूत्र ठरले.

बहुतेक वन्य प्राण्यांची नेमकी गरज कोणी मोजलेली नाही. त्यामुळे जवळचा पाळीव प्राणी नमुना म्हणून धरतात: वाघासाठी मांजर, गेंड्यासाठी घोडा. पण हा आधार कुठे तोकडा पडतो, तेही शिकावे लागते. काळा गेंडा घोड्यासारखा गवतावर नव्हे, तर झाडपाल्यावर जगणारा. बंदिवासात त्याच्या शरीरात लोह साठत जाते. मांसाहारींच्या आहारातली चूक उलटी असते, तिथे कॅल्शियम कमी पडते. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. बछड्याला चांगले म्हणून निवडक लुसलुशीत मांस घातले, तर त्याची हाडे वाकतात, मोडतात. गोठवून ठेवलेल्या मासळीत थायामिन (ब१ जीवनसत्त्व) कमी होते, म्हणून ते वरून द्यावे लागते. माणसासाठी वाढवलेली फळे रानफळांपेक्षा गोड आणि कमी चोथ्याची असतात. माकडाला केळे हे समीकरण त्यामुळे प्रशिक्षणात लवकरच मोडीत निघते.

सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी धडा उष्टे मोजण्याचा. खाद्य तोलून ठेवायचे, उरलेले गोळा करून पुन्हा तोलायचे, असे सलग काही दिवस. प्राण्याचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी त्याच खाद्याचा आणखी एक ट्रे ठेवतात. त्यातले ५०० ग्रॅम संध्याकाळी ४५० भरले, तर दहावा हिस्सा नुसता वाळून गेला. मग पिंजऱ्यातले ९०० ग्रॅम उष्टे मुळात १ किलो होते. हा हिशेब विसरला की न खाल्लेले १०० ग्रॅम प्राण्याच्या खात्यावर चढतात. कळपात तर बेरीज बरोबर येऊनही फसगत होते: दांडगा नर द्राक्षे पळवतो, कळपात खालचे स्थान असलेल्या मादीच्या वाट्याला पाला येतो. खाद्य चार ठिकाणी विखरून ठेवणे, ते शोधायला लावणे, हा त्यावरचा जुना उपाय. त्यात प्राण्याचा रिकामा वेळही कारणी लागतो.

याखेरीज शुष्क भाराचे (खाद्यातले पाणी वगळून उरणाऱ्या वजनाचे) गणित, चाऱ्याची प्रयोगशाळेतील तपासणी, मांस शीतपेटीतच वितळवण्याची शिस्त आणि विषारी वनस्पतींची ओळख यांचा अभ्यासक्रमात समावेश असतो. शरीरस्थितीला, म्हणजे प्राणी किती रोड किंवा लठ्ठ आहे याला, गुण देण्याचा सराव प्रत्यक्ष पिंजऱ्यासमोर होतो. दाट लोकरीच्या प्राण्याची पाठ नजरेला भरलेली वाटते. शक्य असेल तिथे कण्यावर हात फिरवल्यावरच मणके लागतात.