विभागांच्या भिंती आणि शिवार : कृषी परिसंस्थाशास्त्राच्या अध्यापनामागची पार्श्वभूमी

जगभर ज्याला अ‍ॅग्रोइकॉलॉजी म्हणतात, ते कृषी परिसंस्थाशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुण अध्यापकापुढे पुण्यात पहिला प्रश्न उभा राहतो तो विभागाचा. कृषी महाविद्यालयातली पदे कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण अशी विषयवार भरली जातात, आणि शेत, गोठा, पाणी, बाजार व घरातले ताट यांचा एकत्र विचार करणारा विषय यांपैकी कोणत्याही एका विभागात पुरता मावत नाही. पुण्याच्या कृषिशिक्षणाच्या आरंभीच्या काळात मात्र असा एकत्र विचार झालेला दिसतो.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले आणि १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय आले. त्याच वर्षी प्राचार्यपद स्वीकारणारे हॅरॉल्ड मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्याआधी त्यांनी आसामात चहाच्या पिकावर काम केले होते. पुण्यात आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव घरोघर अभ्यासले आणि १९१७ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. माती आणि पिके यांबरोबरच जमिनीचे तुकडे, कर्ज, व्याज आणि कुटुंबाचा वर्षाचा खर्च यांचीही त्यात मांडणी आहे. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे त्यातून दिसले. आज त्या शिवारात इमारती उभ्या आहेत. पण उत्पादनाचा प्रश्न घराच्या जमाखर्चापासून तोडता येत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा त्या काळातला दुसरा अभ्यास सहज सापडत नाही.

१९६० नंतर राज्यवार कृषी विद्यापीठे स्थापन झाली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत संकरित वाण, खते आणि पाणी यांवर भर देणे आवश्यकच होते, आणि त्या पिढीच्या संशोधकांचे ऋण नाकारता येणार नाही. मात्र ज्ञानाची वाटणी पक्की झाली. बाजरीच्या ओळींमध्ये तूर, मटकी आणि हुलगा घेणाऱ्या शेतकऱ्याचे बाजरीचे एकरी उत्पादन नोंदले जाई. मटकीने भरलेली डाळीची गरज, जनावरांना मिळालेला कडबा आणि जमिनीत राहिलेला नत्र यांचा हिशेब कोणत्याच एका विभागाकडे नव्हता.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा राहिला, तो विद्यापीठाबाहेर. तो उभा करणारे विलासराव साळुंखे हे अभियंते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही, असे नियम त्यांनी गावाबरोबर ठरवले. पीकपद्धती आणि न्याय यांची सांगड घालणारा याहून उत्तम पाठ माझ्या माहितीत नाही, आणि तो पुण्याहून एका दिवसात पाहून येता येतो.

परदेशात या विषयाला शिक्षणक्रमाचे रूप हळूहळू आले. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात मिगेल अल्तिएरी आणि स्टीफन ग्लिसमन यांनी त्याचा पाया घातला; २००३ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी त्याची व्याख्या ‘अन्नव्यवस्थेचे परिसंस्थाशास्त्र’ अशी विस्तारली. नॉर्वेतल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आधी शेतावर जातो, शेतकऱ्याचे म्हणणे ऐकतो आणि सिद्धांताकडे नंतर वळतो.

आपल्याकडे याला लागणारी चौकट आधीपासून आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी कृषी पदवीचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात राहतात, शिवारफेरी करतात. परंतु त्यांच्या प्रात्यक्षिकांचे विषय बहुतेकदा पुन्हा बीजप्रक्रिया, माती परीक्षण, फवारणी असे विभागवार पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले असून १ कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य ठेवले आहे. या कामासाठी माणसे घडवायची तर कार्यानुभवाचे मूल्यमापन एकाच शेताकडे एकत्र पाहणाऱ्या दोन-तीन विभागांच्या अध्यापकांनी मिळून करावे, आणि अशा संयुक्त अध्यापनाची नोंद पदोन्नतीच्या वेळीही धरली जावी.