ट्रेमोलो बारने ट्रेमोलो येत नाही

गिटारवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय, की ब्रिजला, म्हणजे तारा जिथं अडकवलेल्या असतात त्या भागाला, लावलेला दांडा दाबला की जो आवाज लहरतो त्यालाच ट्रेमोलो म्हणतात. यात शिकणाऱ्याची काहीच चूक नाही, कारण दांड्याचं नावच ट्रेमोलो बार आहे, 1954 ला आलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजलाही ट्रेमोलोच म्हटलं गेलं आणि तेच नाव चिकटलं.

पण दांडा दाबला की होतं काय? तारेचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की सूर उतरतो, सोडला की परत वर येतो. म्हणजे हलतोय तो सूर, आणि सूर वरखाली होण्याला म्हणतात व्हायब्रॅटो. आपल्याकडच्या रागसंगीतातल्या आंदोलनाच्या जवळचं काहीतरी. ट्रेमोलोमधे सूर जागचा हलत नाही, फक्त आवाज लहान-मोठा होत राहतो. क्लासिकल गिटारवर एकच स्वर बोटांनी भराभर छेडतात तोही ट्रेमोलोच, मॅन्डोलिनवर तर तो सारखा ऐकू येतो.

घरीच बघा. गिटार अ‍ॅम्पला लावा, फोनवर सूर दाखवणारा ट्यूनर उघडा, एक तार छेडून सेकंदभर थांबा आणि दांडा हलवा, काटा डावीउजवीकडे पळेल. आता दांडा सोडून व्हॉल्यूमचा नॉब पटापट फिरवा, आवाज थरथरेल पण काटा जवळपास तिथंच. हा खरा ट्रेमोलो.

गंमत म्हणजे जुन्या काही अ‍ॅम्पवर उलटा घोळ आहे, नॉबवर व्हायब्रॅटो लिहिलंय आणि आतून येतो ट्रेमोलो! दुकानात दांडा मागताना ट्रेमोलो बारच म्हणा, तेच कळतं सगळ्यांना, पण पायाने दाबायचं इफेक्टचं पेडल घेताना मात्र ट्रेमोलो आणि व्हायब्रॅटो दोन्ही वाजवून ऐका.