वंगण संपलं म्हणतात तेव्हा

गेल्या वर्षी जानेवारीत एका कृत्रिम भिंतीवर चढताना माझ्या उजव्या गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. लांबचा होल्ड, म्हणजे भिंतीवरची पकड, गाठायला मी ड्रॉप नी घेतला होता. म्हणजे चवडा होल्डवर ठेवून गुडघा आत आणि खाली वळवायचा, आणि तसंच वर ढकलायचं. दुखलं फारसं नाही. त्यानंतर आणखी दोन चढाया केल्या. रात्री वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या भरून आल्या आणि सकाळी संडासला उकिडवं बसता येईना.

पुढच्या आठवड्यात जो भेटेल त्याचं निदान एकच: वंगण संपलं. शेजारच्या काकू, ऑफिसातले लोक, इतकंच काय, ज्यांच्या बिलेवर, म्हणजे खालून सांभाळलेल्या दोरावर, विसंबून लिंगाणा आणि कळकराय हे सुळके केले ते जोडीदारसुद्धा तेच म्हणाले. पाठोपाठ सल्ला, की आता चढणं बंद. जितकं वापरशील तितकं झिजेल. या एका वाक्यामुळे कितीतरी चांगले चढणारे चाळिशीतच घरी बसलेले मी पाहिले आहेत, आणि ते वाक्य चुकीच्या चित्रावर उभं आहे. म्हणून हा लेख.

वंगणाचं आधी उरकून टाकतो. सांध्यात एक द्रव असतो हे खरं. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरसुद्धा नसतो, आणि सांध्याच्या आतलं अस्तर तो सतत तयार करत असतं. ती इंजिनातल्या ऑइलसारखी एकदाच भरलेली टाकी नव्हे. दुखावलेल्या गुडघ्यात तर हा द्रव जास्त असतो. सूज म्हणजे बहुतेक वेळा तोच. संपतं, फाटतं, विरतं ते दुसरंच काहीतरी.

ते बघायचं तर मटणाच्या दुकानातून पाया आणा आणि सांध्याच्या जागी उघडा. हाडाच्या टोकावर निळसर पांढरी, ओली, चकाकणारी टोपी दिसेल. नखाने दाबा. नख किंचित रुततं आणि खूण हळूहळू नाहीशी होते. बोट फिरवलं तर थांबतच नाही, इतकं गुळगुळीत. ही कूर्चा. आपल्या गुडघ्यात ती साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाड असते. वाटीच्या मागच्या बाजूला ती सगळ्यात जाड, 5-6 मिलिमीटरपर्यंत जाते. शरीरात इतकी जाड कूर्चा दुसरीकडे नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. जिवंत पेशी आहेत, पण आकारमानाच्या जेमतेम एक-दोन टक्के. वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के नुसतं पाणी. मग पाण्याचा हा थर आपलं वजन पेलतो कसा?

गादी शिवताना पाहिलं असेल. खोळीत पिंजलेला कापूस ठासतात आणि मग जाड दोऱ्याने टाके घालतात. कापूस फुगू पाहतो, टाके त्याला धरून ठेवतात, आणि या ओढाताणीतून गादीला कडकपणा येतो. गुडघ्यातली ‘गादी’ हा शब्द लोकांनी नकळत फार नेमका निवडला आहे. कूर्चेतले टाके म्हणजे कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं. कापूस म्हणजे अ‍ॅग्रेकन नावाचे महाकाय रेणू, बाटली घासायच्या ब्रशसारखे दिसणारे. या ब्रशच्या प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार ओळीने बसलेले असतात. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, हे झालं एक. दुसरं महत्त्वाचं. या ऋण भारांना तोल द्यायला सोडियमचे धन आयन आत खेचले जातात, आत क्षारांची गर्दी बाहेरच्यापेक्षा वाढते, आणि परासरणाने पाणी आत घुसत राहतं. शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवल्या होत्या, तेच इथे चाललेलं आहे, फक्त आयुष्यभर. जाळ्याने आवळून धरलं नसतं तर अ‍ॅग्रेकन कितीतरी पट फुगलं असतं. आवळल्यामुळे काहीच न करता, झोपेतसुद्धा, कूर्चेत 1 ते 2 वातावरणांइतका दाब असतो. प्रयोगशाळेत कूर्चेचा तुकडा खूप खारट पाण्यात ठेवला तर तो मऊ पडतो आणि आक्रसतो. क्षार बाहेरच इतके झाले की आतल्या भारांची पाणी खेचायची ताकदच उरत नाही.

आता या गादीवर उडी मारा. पाण्याला बाहेर पळायचं असतं, पण अ‍ॅग्रेकनच्या जंगलातल्या वाटा काही नॅनोमीटर रुंदीच्या. पाणी अडकतं. अडकलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून सुरुवातीच्या क्षणांत भाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा पाणीच उचलतं. घन भागावर जेमतेम दहावा हिस्सा येतो. दोन हाडांमध्ये दाबलेलं पाणी असल्यामुळेच घर्षणही इतकं कमी, की बर्फावर बर्फ घासला तरी कूर्चेची बरोबरी होईलच असं नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अशी, की हे गणित मुळात मातीचं आहे. इमारतीच्या वजनाखाली ओली चिकणमाती किती वेळात खचते याचा सिद्धांत कार्ल तेर्झागी यांनी 1925 च्या सुमारास मांडला. 1980 मध्ये व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच विचाराचं घन आणि द्रव अशा दोन अवस्थांचं समीकरण कूर्चेसाठी दिलं. त्यातून येणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि ताठरपणा गुणिले झिरपण्याची क्षमता यांच्या प्रमाणात घटतो. 2 मिलिमीटर जाडी, अर्धा ते एक मेगापास्कल ताठरपणा आणि झिरपण्याचा नेहमीचा अतिसूक्ष्म आकडा घालून कागदावर मांडून पाहा. उत्तर एक-दोन तासांच्या घरात येतं. आकडे नको असतील तर एवढंच धरा, की कूर्चा क्षणाच्या भाराला दगडासारखी वागते, तासाभराच्या भाराला स्पंजासारखी. म्युनिकमध्ये निरोगी माणसांना उठाबशा काढायला लावून लगेच एमआरआय केले गेले. वाटीमागच्या कूर्चेचं आकारमान पाच-सहा टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि पूर्ववत व्हायला दीड तासाहून जास्त लागला.

ही पिळवटण्याची आणि फुगण्याची क्रिया म्हणजेच कूर्चेचं जेवण. रक्त येत नाही, तेव्हा ग्लुकोज आणि ऑक्सिजन सांध्यातल्या द्रवातून झिरपूनच यायचे. लहान रेणू आपले आपण पसरतात. मोठ्यांना आत-बाहेर करायला आणि सांध्यातला द्रव ढवळायला हालचाल लागते. शिवाय पेशींना दाब कळतो. लयीत येणारा-जाणारा दाब मिळाला तर त्या नवं अ‍ॅग्रेकन बनवतात, तोच दाब एकसारखा धरून ठेवला तर काम मंदावतात. मणक्याच्या इजेमुळे पाय लुळे पडलेल्या माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा महिन्या-वर्षांत पातळ होत जाते. त्यांनी गुडघा ‘वापरला’ नव्हता, तरी. ‘वापराल तितकं झिजेल’ या वाक्याला एवढं एक निरीक्षण पुरे आहे.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कापूस बदलतो, टाके बदलत नाहीत. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं किरणोत्सारी कार्बन-14 अचानक वाढलं आणि मग घटत गेलं. त्या काळात शरीरात जे जे बनलं त्यावर त्या वर्षाचा शिक्का बसला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनवरचा हा शिक्का वाचला. जाळं वाढीच्या वयात विणलं जातं आणि त्यानंतर जवळजवळ बदललं जात नाही, असं दिसलं. संधिवाताने खराब झालेल्या कूर्चेतही नाही. चाळिसाव्या वर्षी मी ज्या जाळ्यावर उभा आहे ते शाळेच्या मैदानावर पळत असताना विणलेलं आहे. लंडनच्या विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं, की एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही.

म्हणून कोलॅजेनच्या पावडरीची जाहिरात पाहिली की मला वाईट वाटतं. पोटात गेलेलं कोलॅजेन पचून त्याचे तुकडे होतात. ते पत्ता शोधत गुडघ्यात जाऊन जुन्या जाळ्याचे टाके घालत नाहीत. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गुडघ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांची अमेरिकेत जवळपास 1,600 रुग्णांवर चाचणी झाली. 2006 मध्ये निकाल आला: एकूण रुग्णांत ती बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ‘गुडघ्यात ग्रीस भरणारं’ तेल चोळून बरं वाटत असेल तर ते चोळण्यामुळे आणि उबेमुळे. तेलाला कातडी आणि सांध्याचं आवरण ओलांडून कूर्चेपर्यंत वाट नाही. महिन्याच्या पगारातून हे डबे घेणारी माणसं माझ्या घरात आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

माझ्या एमआरआयमध्ये कूर्चेवर छोटा ओरखडा होता आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसला चीर. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये बसवलेल्या, चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसं त्यांचं काम. वजन पडलं की चकती बाहेर सरकू पाहते, तिच्यातले गोलाकार धागे ताणले जातात आणि उभा भार परिघावरच्या ताणात बदलतो. चीर धाग्यांना समांतर असेल तर बरंच काम चालू राहतं. आडवी, काठापर्यंत गेलेली असेल तर धाव तुटल्यासारखंच. पूर्वी अशी चकती सरळ काढून टाकत. 1948 मध्ये फेअरबँक यांनी दाखवलं, की काढल्यानंतर सांध्यात झिजेच्या खुणा येतात. आज शक्य तिथे शिवतात, विशेषतः बाहेरच्या काठाजवळ, जिथे थोडं रक्त पोचतं.

रिपोर्टमधला ‘टिअर’ हा शब्द वाचून लगेच खचून जाऊ नका. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सर्वसाधारण लोकांचे एमआरआय काढले, तर ज्यांच्या मेनिस्कसला चीर होती त्यांतल्या 61 टक्के लोकांना गेल्या महिन्याभरात गुडघ्याचं काहीच दुखणं नव्हतं. फिनलंडमध्ये वयोमानाने झिजून पडलेल्या चिरांवर एक धाडसी चाचणी झाली, 2013 मध्ये निकाल आला. काहींची चकती छाटली, काहींना फक्त शस्त्रक्रियेचं नाटक. वर्षभराने दोघे सारखेच. हे वयोमानाच्या चिरांबद्दल आहे. दुखापतीनंतर गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा तासा-दोन तासांत टम्म फुगला असेल, तर घरी थांबू नका. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मला शस्त्रक्रिया लागली नाही. कमवावी लागली ती मांडी. गुडघ्यात पाणी साचलं की मज्जारज्जूच्या पातळीवरच मांडीच्या पुढच्या स्नायूला थांबायचा संदेश जातो. प्रयोगात 20-30 मिलिलिटर खारं पाणी सांध्यात भरलं, तेवढ्यानेही आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडतो. दुखत नसलं तरी पडतो. तीन आठवड्यांत माझी उजवी मांडी टेपने मोजून दीड सेंटिमीटर बारीक झाली होती. म्हणून आधी सूज उतरवली, मग भिंतीला पाठ टेकून बसणं, मग पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, मग वजन.

चढणं मी दोन महिन्यांत सुरू केलं आणि उतरणं पाच महिन्यांनी. हे उलटं वाटेल, पण बर्लिनमध्ये कृत्रिम सांध्यात मोजयंत्र बसवून घेतलेले आकडे पाहा. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.6 पट भार येतो, जिना चढताना 3.2 पट, उतरताना 3.5 पट. त्यात पाठीवर दोर आणि कॅरॅबिनर्सची सॅक, पायाखाली घसारा, आणि चार तास एकसारखी उतरण. कूर्चेतलं पाणी पिळून निघालेलं, दीड तासाची विश्रांती कुठेच नाही. सह्याद्रीत गुडघे खातो तो कडा नव्हे, कड्यावरून परत येणारी वाट. आता मी उतरताना दोन काठ्या वापरतो, तासातासाने पाय सैल सोडून बसतो, आणि सॅकमधला जड दोर जोडीदाराला देताना लाजत नाही. बोल्डरवरून, म्हणजे दोराशिवाय चढायच्या मोठ्या धोंड्यावरून, उडी मारत नाही, चढलो तसाच उतरतो. हील हूक, म्हणजे टाच अडकवून ओढणं, उजव्या पायाने नाही, आणि ड्रॉप नी घ्यायचाच झाला तर वळण खुब्यातून. गुडघा चवड्याच्या दिशेतच ठेवायचा.

आणि रोजचा एक हिशेब. चढताना थोडं दुखलं तर चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा जड किंवा फुगलेला असेल तर आदल्या दिवशीची मात्रा जास्त झाली, त्या आठवड्यात ती कमी करायची. कूर्चेला नसाच नाहीत, ती स्वतः ओरडून सांगत नाही. सांगतं ते अस्तर, आणि तेही उशिराने.

गेल्या महिन्यात खंडाळ्याजवळचा ड्यूक्स नोज हा कडा केला. रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून, दरीत उतरलो, वाटेत दोनदा थांबलो, स्टेशनला पोचायला सगळ्यांपेक्षा पाऊण तास जास्त लागला. जोडीदार चहा घेऊन थांबले होते. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच वाटीच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबून पाहिला. खळग्या जिथल्या तिथे होत्या.