सीए-१२५चा आकडा आणि पोटाच्या तक्रारी

अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार संपले, की अनेक स्त्रियांचे सारे लक्ष दर तीन महिन्यांनी हाती येणाऱ्या एका आकड्यावर खिळते. रक्तचाचणीत मोजला जाणारा हा सीए-१२५ पस्तीसच्या आत असला म्हणजे धोका टळला आणि जरा वर सरकला म्हणजे रोग उलटला, ही समजूत दोन्ही अंगांनी अपुरी आहे.

सीए-१२५ हे शर्करेचे रेणू जोडलेले एक मोठे प्रथिन असून ते ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावरून त्याचे तुकडे सुटून रक्तात येतात, हे खरेच. परंतु पोटातील अवयवांभोवतीचे उदरपटल आणि फुप्फुसांचे आवरण यांच्या निरोगी पेशीही ते बनवतात, आणि आवरणाला सूज आली की अधिक बनवतात. म्हणूनच पोटाच्या क्षयरोगात हा आकडा शेकड्यांत जाऊ शकतो, तर काही स्त्रियांमध्ये गाठ असूनही तो वाढतच नाही. निरोगी स्त्रियांच्या तपासणी पॅकेजांत ही चाचणी घालणे मला गैर वाटते, कारण ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत.

उपचार संपलेल्या स्त्रियांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, लक्षणे नसताना केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमोथेरपी घेतलेल्या स्त्रिया लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक काळ जगल्या नाहीत. आज निवडक रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेचा लाभ होतो, त्यामुळे वाढत्या आकड्यानंतर स्कॅन करायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

हा रोग बहुधा उदरपटलावरच परततो, त्यामुळे लक्षणेही पोटाचीच असतात. पाणी साचू लागले की वजन न वाढताही परकराची नाडी सैल बांधावी लागते. चार घासांतच पोट भरते, बद्धकोष्ठ होते, ओटीपोट दुखते, लघवीला वारंवार जावे लागते. छातीत पाणी झाले तर जिना चढताना धाप लागते. यांतले बरेचसे 'गॅस झाला' म्हणून ओवा-हिंगावर निभावले जाते. अशी नवी तक्रार दोन आठवडे टिकली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आणि मागचा रिपोर्ट चांगला होता म्हणून निर्धास्त न राहता डॉक्टरांना कळवावे. पोट फुगून सतत उलट्या होत असतील आणि शौच व वायू दोन्ही अडले असतील, तर आतड्याला अडथळा झालेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.